फोनवरून गेलेली बाही

आमच्या मावशीला 'नाही' हा शब्द फार लहानपणी सापडला आणि तिने तो पुढे कधी हरवू दिला नाही. बाकीची मुलं बोलायला लागतात तेव्हा 'आई' म्हणतात, 'बाबा' म्हणतात. हिने 'नको' म्हटलं, आणि तेही कोणी काही देत नसताना. माझी आई तिची थोरली बहीण. ती म्हणते, "आम्ही सगळ्या भावंडांनी मिळून आयुष्यात जेवढे नकार दिले असतील, तेवढे हिने एका शाळेच्या वर्षात दिले."

मावशी कपडे बेतते. शिवत नाही, बेतते. हा फरक तिच्यासमोर विसरणाऱ्याची धडगत नसते. कारखान्यात शर्ट शिवायला घेण्याआधी तो कागदावर उतरावा लागतो. पाठ, छाती, बाही, कॉलर, खिसा, प्रत्येक तुकड्याचा कागद वेगळा, आणि लहान मुलापासून आडव्या अंगाच्या मुलापर्यंत प्रत्येक मापाचा पुन्हा वेगळा. त्या कागदावरून कापड कापतात आणि मग शिलाईवाल्या बायका ते जोडतात. कागद चुकला की शर्ट चुकला. मग शिवणारीने जीव ओतला तरी उपयोग नाही.

कित्येक वर्षं मावशीने हे काम कारखान्यात, ट्यूबलाइटखाली, उभ्याने केलं. मग तिच्या ओळखीचं एक नकाशे काढणाऱ्यांचं ऑफिस बंद पडलं आणि त्यांचा एक कॉम्प्युटर पोरका झाला. सोबत कागदावर पेनाने रेघा ओढणारं यंत्रही होतं. मावशीने दोन्ही घरी आणलं. ठेंगणं, चौकोनी, पिवळट रंगाचं ते मशीन. सुरू होताना ते कण्हायचं आणि बंद होताना उसासा टाकायचं. त्याची जाडजूड माहितीपुस्तिका मावशीने कांदा चिरताना, बसमध्ये, डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत, अशी कुठेकुठे वाचली आणि त्या मशीनला शर्ट काढायला शिकवलं. मग कारखान्याला सांगितलं, "मी आता घरूनच काम करणार."

त्या काळी घरून काम म्हणजे धुणंभांडी. मालकांनी विचारलं, "पण का?"

"का म्हणजे? माझ्या घरात खिडकी आहे. तुमच्या कारखान्यात नाही."

खिडकी होती हे खरं. पुढच्या खोलीतली, दिवसभर उजेड देणारी. ती मात्र मावशीला आयती मिळालेली नव्हती. तिथे यजमानांची आरामखुर्ची होती. मावशीचे यजमान फार गोड माणूस. जगात कोणी काहीही म्हटलं तरी ते "बरोबर आहे" म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना बरोबरकाका म्हणतो. त्या खुर्चीसाठी मात्र ते तीन वेळा "बरोबर आहे, पण" म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून 'पण' ऐकून घरात सगळे चपापले. शेवटी खुर्ची भिंतीकडे गेली, खिडकीत मावशीचं टेबल आलं, टेबलावर मशीन. बेतलेला शर्ट एका फ्लॉपीत, म्हणजे हातभर नव्हे, तळहाताएवढ्या चपट्या चकतीत भरायचा आणि कारखान्याच्या गाडीवाल्याच्या हाती द्यायचा, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग कारखान्यात साहेब आला.

साहेब म्हणजे तरुण मुलगा, हुशार, इस्त्रीचा शर्ट. कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायला त्याला नेमलेला. त्याने आल्याआल्या सगळी नवी मशीनं घेतली आणि ती मावशीच्या मशीनच्या जातीची नव्हती. त्यांची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनचा स्वभाव. काच तीच, बटणं तीच, वायरींचा गुंताही तोच. पण एकदा स्वभाव वेगळा निघाला की एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही. लग्न झालेल्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

मावशीची फ्लॉपी नेहमीप्रमाणे गाडीवाल्याबरोबर गेली. साहेबाने ती नव्या मशीनमध्ये घातली. मशीनला त्यातलं अक्षर लागेना. पण 'मला वाचता येत नाही' असं कबूल करायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्याने विचारलं, ही कोरी दिसते आहे, फॉरमॅट करू का? साहेबाने 'हो'चं बटण दाबलं.

मग मावशीला फोन केला. "मावशी, फ्लॉपी कोरी पाठवलीत."

कारखान्यातही तिला मावशीच म्हणतात. ती जगाचीच मावशी आहे.

"कोरी? अरे, अख्खा शर्ट आहे त्यात."

"मशीन म्हणालं, कोरी आहे. पुसू का, म्हणालं."

"मग?"

"मग... मी हो म्हटलं."

मावशीची एक खूण आहे. बरी असली की ती समोरच्याला 'अरे' म्हणते. रागावली की एकदम मान द्यायला लागते.

"साहेब," ती म्हणाली, "उद्या ते मशीन म्हणालं, तुमचं डोकं कोरं दिसतंय, पुसू का, तर तुम्ही काय म्हणाल?"

साहेबालाही राग आला. त्याचंही चुकत नव्हतं. त्याला वरून शाळांच्या गणवेशाची मोठी ऑर्डर वेळेत काढायची होती आणि ज्या मशीनशी बोलताच येत नाही, त्याच्यावर ती अवलंबून होती. तो म्हणाला, "मावशी, हे असं नाही चालणार. एक तर आमच्यासारखं मशीन घ्या, नाहीतर इथे येऊन आमच्या मशीनवर बसा. तुमच्यासाठी टेबल काढून ठेवलंय."

"खिडकी आहे?"

"एसी आहे."

"नाही येणार. आणि माझ्या यंत्राला रेघा ओढायला हेच मशीन लागतं, तेही टाकणार नाही."

"मग ही दोन मशीनं एकमेकांशी बोलणार कशी?"

"फोनवर," मावशी म्हणाली. "आपण बोलतोय तशी."

खरं म्हणजे ती रागाच्या भरात बोलून गेली होती. पण बोलून गेलेलं मागे घेण्याची पद्धत तिच्याकडे नाही. साहेबाने सांगितलं, गणवेशाची पहिली ऑर्डर फोनवरून धड पोचवून दाखवा. पोचली तर खुशाल खिडकीत बसा. नाही पोचली तर कारखान्यात. मावशी म्हणाली, "कबूल."

फोन ठेवल्यावर बरोबरकाकांनी विचारलं, "जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"बरोबर आहे," काका म्हणाले आणि भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसले.

मोडेम आला, मशीनचं बोलणं फोनच्या तारेवरून नेणारा डबा. फोनची वायर त्यात, त्याची वायर मशीनमध्ये. कारखान्याचा नंबर फिरवायचा, तिकडचा मोडेम उचलतो, मग मांजराला पत्र्यावरून ओढत नेल्यासारखा आवाज करत दोघं एकमेकांची ओळख करून घेतात. पहिल्या खेपेला ओळख झाली आणि पडद्यावर चिन्हांचा पाऊस पडला. चौकोन, बाण, हसरे चेहरे. दोघांचा वेग जुळत नव्हता. तुमच्याकडे वेग किती ठेवलाय, हे साहेबाला विचारायचं तर फोन करायला हवा, आणि फोन तर मोडेमने अडवलेला. मग तोडायचं, बोलायचं, ठेवायचं, पुन्हा जोडायचं. मावशीच्या सासूबाई म्हणाल्या, "यापेक्षा आमच्या वेळची तार बरी होती. निदान माणूस गेलं एवढं तरी कळायचं."

शेवटी वेग जुळला. इकडे टाइप केलेलं तिकडे दिसायला लागलं. मावशीच्या पडद्यावर मात्र तिने दाबलेलं प्रत्येक अक्षर दोनदा उमटायचं. साहेबाने लिहून पाठवलं, तुमच्याकडची एक सेटिंग बदला म्हणजे थांबेल. त्याआधी मावशीने लिहिलं होतं, मी तिथे येणार नाही. ते पडद्यावर दुप्पट झालेलं तिला इतकं पसंत पडलं, की ती सेटिंग तिने जशीच्या तशी राहू दिली.

आता शर्टाचा प्रश्न. मावशीचं मशीन बाही आपल्या पद्धतीने साठवणार, तिकडचं आपल्या. पण बाही म्हणजे शेवटी ठिपक्यांची रांग. इथून इतकं आडवं, इतकं उभं, मग पुढचा ठिपका. साधे आकडे. आकडे कुठल्याही जातीच्या मशीनला वाचता येतात. मावशीने आपल्या मशीनमधून बाहीचे नुसते आकडे काढले, साहेबाने आपल्या मशीनला ते आकडे जोडून रेघ ओढायला शिकवलं. नमुन्याचा एक शर्ट दुपारी फोनवरून गेला. साहेबाने लिहिलं, आलं. मावशीने उठून स्वतःसाठी चहा टाकला. चहात साखर दोनदा पडली, तरी तिने तो प्यायला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन. "मावशी, तुम्ही या. फोनवर सांगण्यासारखं नाही."

साहेबाच्या खोलीत कपाटाच्या मुठीला तो शर्ट टांगला होता. उजवी बाही चांगली, सुबक, कोपरापर्यंत. डावी बाही एका बाजूने तशीच. आणि दुसऱ्या बाजूचं टोक मात्र खाली उतरून, खुर्चीला वळसा घालून, दाराबाहेर गेलं होतं. दाराबाहेर शिलाईवाल्या बायका उभ्या होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हे कापलं कोणी?" मावशीने विचारलं.

कटिंग मास्तर पुढे आले. पांढऱ्या मिशा, कानावर खडू. साहेब जन्मायच्या आधीपासून ते कापताहेत. "मी कापलं."

"मास्तर! डोळे होते ना?"

"होते. पण कागद होता ना." मास्तरांच्या खात्याचा एक कायदा आहे: कागद बोलला की कात्रीने तोंड उघडायचं नाही. कापणारा स्वतःची अक्कल चालवायला लागला तर हजार शर्ट हजार तऱ्हेचे होतील. "डाव्या बाहीचा कागद वेगळा आला. मला वाटलं, नवीन फॅशन असेल."

"शाळेच्या गणवेशात?"

"हल्लीच्या शाळांचं काय सांगावं? वर्गात एका मुलाने हात वर केला तर शेवटच्या बाकापर्यंत दिसावा, असं असेल."

साहेब हसला नाही. "मावशी, बघितलंत. नमुना होता म्हणून एकावर निभावलं. ऑर्डर असती तर? तुमचं टेबल तयार आहे. सोमवारपासून या."

 बायकांना वाटलं, आता मावशी ओरडणार. मावशीने शर्ट कपाटावरून काढला, कटिंगच्या टेबलावर पसरला आणि त्या लांब टोकावर बोट ठेवलं. "साहेब, ऑर्डर अजून गेलेली नाही. हा नमुना होता. आकडे काढा बघू तुमच्याकडे आलेले."

आकडे निघाले. एका ठिकाणी टिंब नव्हतं. साडेतेवीसचे दोनशे पस्तीस झाले होते. मावशीने पाठवताना टिंब होतं. वाटेत फोनच्या तारेत ते गळून पडलं होतं.

मावशी शर्ट पिशवीत कोंबून घरी आली. पिशवीतून बाहीचं टोक बाहेर आलं होतं आणि बसमध्ये मागचा माणूस म्हणाला, "बाई, तुमचं काहीतरी लोंबतंय." मावशी म्हणाली, "लोंबू दे."

घरी आल्याबरोबर तिने सासूबाईंना विचारलं, "आई, काल दुपारी माझं मशीन बोलत होतं तेव्हा तुम्ही आतला फोन उचलला होता?"

"मी? छे." सासूबाईंनी पदर सावरला. "उचलला नाही. उचलून ठेवला."

"आई!"

"अगं, तुझी मावससासू फोन करणार होती. बघितलं, आली का लायनीवर. आत तर कोणीतरी शिट्या मारत होतं! मी म्हटलं, मेल्या, घरात मोठी माणसं आहेत, आणि ठेवून दिला."

आतला फोन आणि मोडेम एकाच तारेवर, तर टिंब तिथे गळलं होतं. बरोबरकाका म्हणाले, "आईला सांगून ठेवायला हवं होतं." सासूबाई म्हणाल्या, "मला माझ्याच फोनला हात लावायची बंदी?" काकांनी दोघींनाही "बरोबर आहे" म्हटलं आणि दोघींच्या रागाला एकदम पात्र झाले.

मावशी मात्र खिडकीत बसून त्या शर्टाकडे बघत होती. आज सासूबाई, उद्या तारेवर पाणी, परवा तारेवर पक्षी. टिंबं गळणारच. तिचं लक्ष बाहीच्या वरच्या कडेला गेलं. तिथे एक खाच होती. बेतणारे प्रत्येक तुकड्याच्या कडेला अशा बारीक खाचा देतात. बाही जिथे बसते त्या भोकाला मुंढा म्हणतात. बाहीला जिथे खाच, तिथेच मुंढ्यालाही खाच. बाही कापणारा एक, मुंढा कापणारा दुसरा, शिवणारी तिसरीच. खाच खाचेवर आली की बाई बिनधास्त टीप मारते. नाही आली तर तुकडा परत.

तिने साहेबाला फोन लावला. "साहेब, सगळे आकडे पाठवून झाले की शेवटी मी त्यांची बेरीज पाठवणार. तुमच्या मशीनने आलेल्या आकड्यांची बेरीज करायची. जुळली तर तुकडा घ्यायचा. नाही जुळली तर घ्यायचाच नाही, पुन्हा मागायचा."

 साहेब म्हणाला, "मावशी, असं करणारे तयार प्रोग्रॅम असतात. माझ्याकडे आहे एक."

"मग इतके दिवस काय त्याला हार घालत होतात?"

"दोन्ही बाजूंना तोच लागतो. तुमच्या मशीनसाठी मी सगळीकडे शोधला. मिळत नाही. म्हणून तर म्हणतो, तुम्ही आमच्यासारखं मशीन घेतलं की..."

"बाही मुंढ्यासारखी कापतात का?"

"काय?"

"मुंढा म्हणजे भोक. बाही पण भोकासारखी कापली तर पोराने हात घालायचा कशात? वेगळं आहे म्हणून तर एकमेकांत बसतं. मी माझं मशीन बदलणार नाही. तुम्हीही बदलू नका. खाच तेवढी द्या."

साहेबाचा दोन दिवस फोन आला नाही. नंतर कळलं, त्या दोन दिवसांत त्याने बेरजेचा प्रोग्रॅम लिहिला, मोडला, पुन्हा लिहिला आणि मोडेमच्या चार माहितीपुस्तिका चाळल्या. हट्टाला हट्टच भेटला होता. तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला. "बेरीज करतं. पण मावशी, एखादा जरी तुकडा तीनदा पाठवून जुळला नाही, तर माझं ऐकायचं."

"आणि जुळला तर?"

"तर टेबल काढून टाकतो."

मधल्या काळात मावशीने त्या लांब बाहीचं टोक कापलं आणि आतल्या फोनसाठी त्याची टोपी शिवली. स्वतः, हाताने. ती शिवताना दिसणं म्हणजे काय प्रसंग आहे ते घरात सगळ्यांना कळलं. फोनला टोपी घातलेली असेल तोवर कोणी हात लावायचा नाही, असं ठरलं. सासूबाईंनी एक अट घातली. "टोपी घालणार मी आणि काढणार मी. माझा फोन आहे."

"चालेल," मावशी म्हणाली. हा शब्द घरात इतका दुर्मीळ, की काकांनी वर्तमानपत्र खाली केलं.

ऑर्डरच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी फोनला टोपी घातली, शेजारी स्टूल ओढलं आणि तुरुंगाच्या दारावर बसावं तशा बसल्या. मावशीने नंबर फिरवला. पत्र्यावरून मांजर गेलं. पाठ गेली, पडद्यावर उमटलं, जुळली. छाती, जुळली. कॉलर, खिसा, उजवी बाही. एकेक तुकडा, एकेक माप. 

डाव्या बाहीला पडद्यावर आलं, जुळली नाही.

मावशीने मागे वळून बघितलं. सासूबाईंनी दोन्ही हात वर केले होते. "मी बोटसुद्धा लावलेलं नाही! टोपी बघ! टोपी जागेवर आहे!"

"माहीत आहे, आई." मावशीने पुन्हा पाठवली. पुन्हा, जुळली नाही. कुठे तरी तार कुरकुरत होती. रस्त्यावर कोणी खांबाशी काही करत असेल, काय असेल. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आता एकच खेप उरली. मावशीने मशीनच्या डोक्यावर हात ठेवला. थोपटलं नाही, दटावल्यासारखा ठेवला. "हे बघ," ती त्याला म्हणाली, "तुला भंगारात जायचं असेल तर जा. मी तिकडे जाणार नाही." आणि बटण दाबलं.

आकडे एकामागून एक सरकत गेले. सगळे गेल्यावर शेवटी बेरीज गेली. पडदा थांबला. कारखान्यातलं मशीन आपली बेरीज करत होतं. मग उमटलं, जुळली.

मागोमाग साहेबाने स्वतः टाइप केलं: मास्तर डाव्या बाहीचा कागद कापायच्या आधी स्वतःच्या हाताला लावून बघताहेत. आयुष्यात पहिल्यांदा.

मावशीने लिहिलं: त्यांना म्हणावं, फॅशन नाही. आणि अरे, टेबल काढ.

तो 'अरे'ही पडद्यावर दोनदा उमटला.

दोन्ही मशीनांनी एकमेकांना सोडलं, फोन मोकळा झाला. सासूबाईंनी टोपी काढली, घडी घातली, उशीखाली ठेवली आणि लगेच फोन वाजला. मावशीची मावससासू होती. सकाळपासून लाइन मिळत नव्हती म्हणून चिडलेली. तिलाही सुनेचं प्रकरण माहीत होतंच. तिने काय विचारलं ते ऐकू आलं नाही. पण सासूबाईंचं उत्तर खिडकीपर्यंत पोचलं.

"कारखान्यात? ती कशाला जाते? गरज असेल तर कारखाना येईल इकडे. आणि हे बघ, दुपारी फोन करत जाऊ नकोस. दुपारी आमची बाही जाते."